मोज्यावरून घेतलेलं माप

22 मे 2025
ताईचा डायव्हिंगचा जुना ड्रायसूट आला. तिची मैत्रीण सुट्टीला आली आहे, तिने एबरडीनहून कोथरूडपर्यंत आणला. तिथून माझ्या स्कूटरवर. चांदणी चौक, भूगाव, नेहमीची कोंडी. पिशवी पायांत धरून भुकूमला पोचेपर्यंत अंधार.
आई म्हणाली, "एवढा जाड रेनकोट?"
बूट सुटालाच जोडलेले. काळे, गुडघ्याखाली चिकटवलेले. तळव्यावर 7. मी 5 घालते.

23 मे
अंगणात चालून पाहिलं. टाच उचलली की बूट खालीच राहतो. पंजा मात्र आवळतो. एकाच बुटात दोन्ही.

24 मे
ताईला विचारलं. तिचा नंबर 6. सूट तिनेही वापरलेलाच घेतला होता. मोजे दुहेरी चढवायची.
"तू तिहेरी चढव. जुळतंय गं."
जुळवून घेण्यात आमच्या घरच्या बायका पटाईत.

26 मे
मोसमी पाऊस पुण्यात दाखल, वेधशाळेने जाहीर केलं. मे महिन्यात! राब भाजायचा राहिला तो राहिलाच, आता भिजून चिखल. दादा दिवसभर बांधावर उभा.
संध्याकाळी जमीन बघायला पार्टी आली. दोन गाड्या. चहा वहिनीने दिला, मी नाही.

30 मे
ताईशी तासभर बोलणं. तिने सांगितलेलं लिहून ठेवते, विसरेन.
मालवणात पाणी 27-28 अंश. वेटसुटात पाणी शिरतं, अंगाच्या उबेने तेच कोमट होतं, चालून जातं. पायात पातळ निओप्रीनचे बूट, तेही मुख्यतः फिनने टाच सोलू नये म्हणून. सप्टेंबरात, मी ताईकडे जाईन तेव्हा, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणी 13च्या आसपास. तिथे आत पाणी घ्यायचंच नाही. गळ्याला, मनगटाला सील, छातीवर हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह, दंडावर सोडायचा.
मला वाटत होतं सूट ऊब देतो. नाही. सूट फक्त कोरडं ठेवतो. ऊब आतल्या कपड्याची, म्हणजे त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची. पायाचं तेच. जाड मोजा घट्ट बुटात कोंबला की मोजा दबतो, हवा जाते, रक्तही नीट फिरत नाही. पाय गार. तिहेरी मोजे घालून पाय जास्त गार पडू शकतो.
"मग मला तिहेरी कशाला सांगितलंस?"
"नवे बूट महाग आहेत म्हणून."

4 जून
सूट आमच्या सीलच्या कारखान्यात घेऊन गेले. पिरंगुटला. जेवणाच्या सुट्टीत बुटाच्या तळव्यावर ड्युरोमीटर टेकवला. शोअर ए 62. ट्रकच्या टायरच्या रबराचा कडकपणा याच्या आसपास असतो. तळवा ठीक. चवड्यापाशी, जिथे बूट दर पावलाला मुडपतो, तिथे वाकवून भिंगातून पाहिलं. केसासारख्या बारीक भेगा, सगळ्या एका दिशेने. ओझोनच्या. नैसर्गिक रबर ताणलेल्या अवस्थेत पडून राहिलं की हवेतला थोडासा ओझोनही त्याला चिरतो. आमच्याकडे सील परत येतात त्यातले कितीतरी याच कारणाने. कुणीतरी हा सूट घडी घालून, वर्षानुवर्षं, बहुतेक एखाद्या मोटारीजवळ ठेवला असणार. विजेच्या मोटारीतून ओझोन निघतो.
साहेबांनी विचारलं, "कुठल्या गिऱ्हाईकाचं सॅम्पल?"
म्हटलं, "घरचंच."

7 जून
माळ्यावरून ट्रेकचे जुने बूट काढले, निदान घोट्याचा आधार कसा असतो तो आठवावा म्हणून. हातात घेतले आणि तळवा गळून पडला. भुसा. वापरून झिजलेले नव्हते, ठेवून झिजले. पॉलियुरेथेनचा फोम. दमट हवेत पाणी त्याची साखळी तोडत राहतं, बूट पेटीत असला तरी. आपल्या मुळशीचा पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच.
तेव्हा पहिली अट: तळवा व्हल्कनाइझ केलेल्या भरीव रबराचा. फोमचा नको, कितीही हलका असला तरी. गुडइयरने 1839मध्ये गंधक आणि उष्णतेने रबर पक्कं करून दाखवलं, त्यानंतर या कामाला याहून भरवशाचं मला तरी काही दिसलेलं नाही.

10 जून
ताईचा किस्सा. शिकत असताना ती पाण्याखाली खेकडा बघायला डोकं खाली करून वाकली. सुटातली हवा वर सरकते, आणि त्या क्षणी वर होते पाय. बूट सैल. हवा बुटात जाऊन बसली. पाय आणखी वर. सुटाचे पाय फुगले तसा तिचा पाय बुटातून निसटला, फिन बुटासकट लोंबायला लागली, लाथ मारायला काही उरलंच नाही. हवा सोडायचा व्हॉल्व्ह दंडावर, आता सगळ्यात खाली. ती उलटीच वर जाऊ लागली. जसजसं वर, तसतशी हवा प्रसरण पावणार: दहा मीटरवर एक लिटर असलेली पृष्ठभागावर दोन. सोबत्याने पोटरीला धरून सरळ केलं.
त्यासाठी कोलांटी शिकवतात म्हणे. गुडघे पोटाशी, गोल फिरायचं, सरळ होऊन हवा सोडायची. घोट्याला वजनंही बांधतात काही जण.
एवढं करायचं, की बूट मापाचा घ्यायचा?

13 जून
दादाने वकिलाचा नंबर मागितला. कशाला ते सांगितलं नाही.

16 जून
सांगितलं. हक्कसोडपत्र. माझं आणि ताईचं.

17 जून
कामात लक्ष नाही. एक लॉट चुकून पास होता होता राहिला.

21 जून
सुट्टी. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. आईला नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला नेलं. गर्दी, चिखल, फुटलेले नारळ. फुटपाथवर चांभार रांगेने बसलेले, वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देत होते. दरवर्षीचं आहे. आईच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो लावून घेतला. म्हातारबांनी पैसे घेतले नाहीत.
मी चप्पल काढून माझा पाय दाखवला. त्यांनी चवड्यावर अंगठा फिरवला, टाच दोन बोटांत धरली.
"पंजा रुंद, टाच बारीक. भाताच्या रानातल्या हायसा. कंपनीचा बूट घेऊ नका, लांबी बघून देत्यात ते."
"मग काय बघायचं?"
"मोजा घालून या, उभं राहा, सांजच्याला. बसून माप दिलं का बूट बसून घालायचा."

22 जून
सांजच्याला. मोजा घालून. उभी राहून.
खाकी कागद फरशीवर. आधी अनवाणी, पेन्सिल सरळ धरून. डावा 240 मिलिमीटर, उजवा 236. मग पातळ आतला मोजा आणि त्यावर ताईने पाठवलेला जाड: 250. चवड्याचा घेर अनवाणी 242, मोज्यासकट 263. लांबी एक सेंटिमीटरने वाढली, घेर दोनने. म्हणजे मोजा चढवून मोठा नंबर घेतला तरी अडचण पंजालाच येणार. 23 मेचं कोडं सुटलं.
पावलाची कमानही मोजली. बुटाला चेन नसेल तर पाय तिथेच अडतो.
आई बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "बाबांच्या गमबुटाला त्यांनी करंगळीपाशी ब्लेडने चीर पाडली होती. बाजारातून आणला त्याच दिवशी."
ते गमबूट अजून पडवीत आहेत. पाहिले. चीर सरळ आहे, कडा पुसलेल्या.
ड्रायसुटाच्या बुटाला चीर पाडता येत नाही.

24 जून
चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे चामडं संशोधन संस्थेने, देशभर लाखाहून जास्त लोकांची पावलं यंत्राने मोजली. निष्कर्ष: आपली पावलं युरोप-अमेरिकेपेक्षा रुंद. आपण इंग्रजांचे नंबर वापरतो, तिथे एका नंबरचा फरक इंचाचा तिसरा भाग. युरोपच्या नंबरात सेंटिमीटरचा दोन तृतीयांश. दोन्ही मापं लांबीची. रुंदी वेगळी विचारावी लागते, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.
माझा हिशोब: मोज्यासकट 250, पुढे बोटांना हलायला 15, एकूण 265. युरोपचा 40. रुंद साचा असेल तर. अरुंद असेल तर 41 घेऊन टाच सैल करून घ्यायची नाही, दुसरी कंपनी बघायची.

28 जून
पाऊस. वीज नाही. मोबाइलवर वाचत पडले होते.
1919च्या 21 जूनला जर्मनांनी आपलं आरमार स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये स्वतःच बुडवलं. 74 पैकी 52 जहाजं. अर्नेस्ट कॉक्स नावाच्या भंगारवाल्याने त्यातली बरीच विकत घेऊन 1924पासून वर काढायला सुरुवात केली, त्याआधी एकही जहाज त्याने काढलेलं नव्हतं. त्याचे पाणबुडे पितळी शिरस्त्राण आणि शिशाच्या तळव्याचे बूट घालून खाली जायचे. एकेका बुटाचं वजन सात-आठ किलो. त्या काळी बुटाने पाणबुड्याला तळाशी उभं करायचं असे. पोहायचं नव्हतंच, चालायचं होतं.
आता आम्ही तरंगतो. बुटाचं काम उलटं झालं.
ताईला स्कापाला जायचं आहे. मला आधी एखाद्या बंदरात शिरून बाहेर यायचं आहे.

3 जुलै
विहिरीत उतरले. सुटासकट. पायऱ्यांवर, कमरेपर्यंत, भाच्याच्या हातात दोर. पाणी वरच्या पायरीला आलं आहे. काठावर निम्मी आळी.
पाणी पायाला चारी बाजूंनी दाबतं. सूट पोटरीला चिकटला. सैल बुटाची घडी घोट्यावर पडली आणि चिमटा बसला. कमरेएवढ्याच पाण्यात. मागे टेकून पाय वर तरंगू दिले तर बुटात हवा गुडगुडत गेली, ऐकू आलं. डाव्या पायाची बोटं बुटात मोकळी, टाच बुटाबाहेर, पोटरीच्या नळीत.
भाचा म्हणाला, "आत्या, तू चंद्रावर चाललीस का?"
शेजारच्या काकूंनी विचारलं, "गाळ काढायला लावलंय का हिला?"
बूट नको. नक्की.

4 जुलै
डाव्या मोज्याला टाचेपाशी ओल. घाम की पाणी?

6 जुलै
आषाढी. उपास. दादाने जेवायच्या वेळी, म्हणजे साबुदाण्याच्या वेळी, कागद काढला. ताई तिकडे, मी इकडे, जमिनीचं तुम्ही काय करणार, बाबांच्या मागे कुणी कसलं, वगैरे. सगळं खरंच आहे. बाबांच्या मागे त्यानेच कसलं.
"तू तशीही ताईकडे चाललीस. कागद घेऊन जा. एडिनबरोला आपलं दूतावासाचं कार्यालय आहे, तिथे तिने मुखत्यारपत्रावर सही करायची."
आई ताटात बघत होती.

7 जुलै
बुटांचे तीन पर्याय लिहून काढले, दुसरं काही सुचत नव्हतं.
जोडलेले बूट: घालायला सोपे, वाळायला सोपे. पण झिजले, फाटले, मापात नसले तर अख्खा सूट दुरुस्तीला. दुसरं: सुटाला निओप्रीनचा पायमोजा चिकटवायचा आणि वरून वेगळा बूट, नाडीचा. घालायला वेळ. मोजा आणि बूट यांच्यात खडा किंवा वाळू गेली तर मोज्याला घासून भोक पडणार, दर वेळी धुवायला हवं. पण बूट घोट्याला आवळता येतो, पंजाला सैल सोडता येतो. तळवा गेला तर फक्त बूट बदलायचा. तिसरं: पायमोज्यावर चेनचा मऊ बूट. स्वस्त. किनाऱ्यावरच्या दगडात घोटा वळला तर देवच.
पहिल्यात सूट ठरवतो. दुसऱ्यात मी.

10 जुलै
आवणी सुरू. रजा टाकली.

11 जुलै
पाठ.

12 जुलै
अनवाणीच. खाचरात बूट चालत नाही, चिखल तो ठेवून घेतो. बोटं फाकतात, चिखल बोटांमधून वर येतो, पाय रुततो आणि पकडही धरतो. चवडा दरवर्षी असा फाकत आला तर रुंद होणारच.
इंद्रायणीचीच रोपं. मे महिन्याच्या पावसाने निम्मी पिवळी, विकत आणून भर घातली. दादा नांगराच्या मागे. एक शब्द बोलला नाही, मीही नाही. ओळी मात्र सरळ आल्या.

14 जुलै
शेवटचं खाचर आटोपलं. आई बांधावर बसून पाय धूत होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी एवढी घाई नसेल."

18 जुलै
त्या ओल्या मोज्याचा छडा लावला. पौड रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे सूट नेला. गळ्याच्या सीलमध्ये स्टीलचा डबा, एका मनगटात बाटली, दुसऱ्यात त्याच्या कॉम्प्रेसरची नळी, वर ट्यूबची पट्टी करकचून. चेन बंद. "हळू," म्हटलं. त्याने खरंच हळू सोडली. सूट फुगून दुकानाच्या बाकावर बसला, रिक्षावाले थांबून बघायला लागले. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो.
चवड्याच्या भेगांतून काही नाही. त्या वरवरच्या आहेत. बुडबुडे आले टाचेच्या वर, जिथे बुटाची कड सुटाच्या कापडाला चिकटवली आहे तिथे. डाव्या बाजूला, दोन बोटं लांबीत.
पंक्चरवाला म्हणाला, "रबर पक्कं, कापड पक्कं, सांधा गेलाय. दोन्हीचा ताण वेगळा ना. सैल बूट वर-खाली होतो, ओढ सगळी इथंच."
आमच्या कारखान्यात असं एका वाक्यात सांगणारा माणूस मिळाला तर मी त्याला उद्याच घेईन.
"सोल्युशन लावून ठिगळ मारू?"
नको म्हटलं. बूट काढायचेच आहेत.

20 जुलै
ताईला कळवलं: जोडलेले बूट कापून टाकायचे, पायमोजे चिकटवायचे, वेगळे नाडीचे बूट. तिने हिशोब केला, मग "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "मी इतकी वर्षं चालवले तेच."
"तुझी टाच सोलवटायची नाही?"
"सोलवटायची की."

25 जुलै
पायमोज्याचं मापही बुटाच्या आधी ठरवावं लागतं. मोठा असेल तर बुटात घडी पडते, घडीवर फोड. लहान असेल तर गुडघा वाकवताना ओढ बसते आणि पुन्हा सांध्यावरच ताण. ताईच्या दुरुस्तीवाल्याने उभ्या पायाचं, बसलेल्या पायाचं आणि गुडघा टेकवलेल्या पायाचं, अशी तिन्ही मापं मागितली. त्याला भेटायला आवडेल.

26 जुलै
मैत्रीण परत निघाली. सूट तिच्याबरोबर. आत खाकी कागदाची दोन्ही पावलं, पुठ्ठ्यावर चिकटवून कापलेली. डाव्यावर ‘हेच मोठं’ असं लिहिलं. वर दादा त्याच्या कागदांचं पाकीट ठेवणार होता. मी म्हटलं, मीच नेईन.

29 जुलै
नागपंचमी. सर्दी.

2 ऑगस्ट
ताई दुकानात, मी फोनवर. तिने प्रत्येक बुटाचं आतलं पातळ सोल बाहेर काढून त्यावर माझा पुठ्ठा ठेवला. ही युक्ती चांगली. बूट वरून कितीही ऐसपैस दिसो, सोल खोटं बोलत नाही. पहिल्या बुटात पुठ्ठ्याचा चवडा दोन्हीकडून बाहेर. दुसरा लांबीला बरोबर, रुंदीला कणभर कमी. तिसरा, 40, पुठ्ठा आत, चहूबाजूंनी थोडी जागा.
मग वाकवायला सांगितलं. चवड्याशी वाकला पाहिजे, मधून नाही. मधून वाकणारा बूट फिनच्या लाथेत पायाची कमान दुखवतो. नाडीची छिद्रं धातूची नाहीत ना, खारं पाणी खातं. नाडीची टोकं झाकायला वेलक्रोचं झाकण आहे, छान, कशात अडकायला नकोत. टाचेच्या मागे उंचवटा आहे, फिनचा पट्टा त्यावर बसेल. चवड्याला आणि टाचेला बाहेरून रबराची कवचं. शिलाई आहे का नुसतं चिकटवलंय? दोन्ही.
दुकानदार मागून म्हणाला, तुमची बहीण बूट घेते आहे की पूल बांधते आहे? ताईने भाषांतर करून सांगितलं, हसत.

3 ऑगस्ट
फिन! बुटाचा तळवा जाड, ताईच्या जुन्या फिनमध्ये शिरेल का? तिने घालून पाहिलं. अर्ध्यात अडकला. फिनही बदलायच्या. जड, काळ्या रबराच्या, मोठ्या खिशाच्या. 1965पासून हा नमुना तसाच चालत आलाय म्हणे. जड असल्याने पाय वर उचलायला बघत नाहीत, म्हणजे घोट्याच्या वजनाचा खर्च वाचला.
दादा म्हणतो, "सूट, बूट, आता फिन. जमिनीच्या इसारातून घेतेस का?"
माझ्या पगारातून.

9 ऑगस्ट
राखी. बांधली. दादाने साडी दिली. आईला आणि वहिनीलाही. चांगली आहे, मोरपंखी.

12 ऑगस्ट
व्हिसा आला.

15 ऑगस्ट
सूट तयार, बूट घेतले, फिन मिळाल्या, ताईने फोटो पाठवला. ताईने एका पायावर बूट चढवून दाखवला, तिला पंजात मोठा होतो. तिला.

18 ऑगस्ट
कागद नीट वाचले, रात्री, दार लावून. पान 2. गट नंबर दोन लिहिले आहेत. मला एकच माहीत होता. विहिरीचा तुकडा वेगळा गट आहे.
वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलगी जन्मानेच हिस्सेदार. हे मला माहीत आहे, दादाला माहीत आहे, वकिलाला तर आहेच. तरी कागदात ‘स्वखुशीने व विनामोबदला’.

19 ऑगस्ट
दादाला विचारलं नाही.

22 ऑगस्ट
पोळा. आमच्याकडे बैल नाहीत आता. शेजारच्यांच्या बैलांना पुरणपोळी.

27 ऑगस्ट
गणपती बसले.

2 सप्टेंबर
जाड मोजे सापडेनात. घर पालथं घातलं. आईच्या पायात. रात्री घालून झोपते.
"गुडघ्यापर्यंत बरं वाटतं गं."
पातळ तेवढे घेतले. जाड ताईकडून.
वहिनी म्हणाली, सुती घे ना इथले. सुती नकोत. घामाने भिजतात, भिजलेले राहतात, त्यात पाय गार पडतात. सूट पाण्यापासून वाचवतो, घामापासून नाही.

6 सप्टेंबर
विसर्जन. आम्ही दीड दिवसाचाच बसवतो, तरी संध्याकाळी मानस तलावापाशी गेलो, सगळे. दादा पण.

7 सप्टेंबर
विमानतळ. कागद हातातल्या पिशवीत. दादाने दोनदा तपासलं.

10 सप्टेंबर, एबरडीन
बूट पायात. पायमोज्यावर, लोकरीच्या मोज्यावर. ताईच्या जिन्यावरून वर-खाली. चवड्यावर उभी. गुडघे टेकून. टाच उचलत नाही. बोटं वाजवता येतात. उजवा 4 मिलिमीटरने मोकळा, त्याची नाडी एक छिद्र जास्त आवळली.
ताई जमिनीवर बसून अंगठ्याने चवडा दाबून बघत होती, आम्ही लहान असताना बाबा दाबायचे तसा.

13 सप्टेंबर, सेंट ॲब्ज
इथला समुद्र 1984पासून राखीव आहे. मासेमारीवाले आणि पाणबुडे यांनी आपणहून ठरवलं.
गाडीपासून पाण्यापर्यंत दगड. शेवाळ, खाच, पुन्हा दगड. पाठीवर सिलिंडर, कमरेला वजन. इथेच बुटाची परीक्षा, पाण्यात नंतर. घोटा एकदाही वळला नाही. माझ्यापुढे एकजण मऊ बुटात होता, दोनदा बसला.
पाणी 13. तोंडावर सुईसारखं. 9 मीटर. सूट पोटरीला लागला, एक फुंकर हवा, सुटला. पाय माझ्या मागे होते, वर नाहीत. शिक्षकाने मुद्दाम उलटं केलं: हवा पायाकडे गेली, बुटात शिरायला जागा मिळाली नाही, पोटरीत अडली. कोलांटी, सरळ, हवा दंडातून बाहेर. पुन्हा. पुन्हा.
केल्पचं रान, त्यात लाल-तपकिरी रॅस माशाने माझ्या फिनला तोंड लावून पाहिलं.
वर आल्यावर पाय कोरडे. हात बधिर. हातमोजे पाच मिलिमीटरचे पुरत नाहीत, कोरडे हातमोजे बघावे लागतील. त्यांचंही माप असतंच.

14 सप्टेंबर
बूट गोड्या पाण्याने धुतले. पायमोजा उलटा करून वाळूचा कण कण काढला. बुटात वर्तमानपत्र कोंबून सावलीत. हीटरवर नाही, ताईला बजावलं.
मग तिला कागद दिले. तिने वाचले. परत वाचले. चष्मा काढून विचारलं, "हा दुसरा गट कुठला?"
"विहिरीचा."
तिने पेन घेतलं, समासात खूण केली, सही केली नाही.

15 सप्टेंबर
सकाळी दादाचा फोन. मी बाहेर बुटातलं वर्तमानपत्र बदलत होते. झाली का सही?
म्हटलं, पान 2वर ताईची एक खूण आहे आणि माझी एक. वकिलाला घेऊन बस, मी रात्री परत फोन करते.